बालेकिल्ल्यातला ‘बाले’

राजगडावरून आलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘बालेकिल्ला म्हणजे मोठ्या किल्ल्यातला लहान किल्ला, बाल-किल्ला, हे खरं का? आणि माची म्हणजे तटबंदीच ना?’

‘बाल’चा इथे काही संबंध नाही. शब्द फारसी आहे आणि ‘बाला’ म्हणजे वरचा. गोवळकोंड्याच्या माथ्यावर ‘बाला हिसार’ आहे, त्यातला बाला हाच. वऱ्हाडात तर जोडीच सापडते: वरचा डोंगरपठारी मुलूख बालाघाट, खालचं पूर्णेचं खोरं पाईनघाट. कुणाला पत्ता लागू न देता आपण ‘बालाबाला’ काम उरकतो, तेही मुळात वरच्यावरच.

राजगडावर बालेकिल्ल्याची जागा तशी आटोपशीर आहे, त्यामुळे ‘लहान’ हा अर्थ पटकन पटतो. पण पद्मावती माचीवरून तिकडे निघालं की शेवटी उभा कातळ लागतो. खोबण्यांत हातपाय रोवत महादरवाजा गाठला, की या शब्दात उंचीच का आहे ते कळतं.

माचीचं मात्र उलट आहे. हा शब्द संस्कृत ‘मंच’च्या कुळातला, माचा, माचण हे त्याचे भाऊबंद. माथ्याच्या खाली, डोंगराच्या सोंडेवर सुटलेली सपाटी म्हणजे माची. ती मुळात जमीन आहे, तट नंतरचा. म्हणून ‘माचीचा तट’ म्हणावं, तटालाच माची म्हणू नये. राजगडाला अशा तीन माच्या आहेत: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. शेजारच्या तोरण्यावर झुंजार आणि बुधला.

जमीन बदलली की बांधकामही बदलतं. पद्मावती रुंद, म्हणून तिथे सदर, तळं, वस्ती आणि सईबाईंची समाधी. संजीवनी लांबट, निमुळती. तिला तट दुहेरी आहे. दोन भिंतींमध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी वाट, खाली उतरायला पायऱ्या. बाहेरची भिंत पडली तरी आतली लढती राहते. बुरुजालाही असंच बाहेरून दुसरं कवच आहे, म्हणून तो चिलखती बुरुज. मला तर सगळ्या सह्याद्रीत याहून विचारपूर्वक केलेलं बांधकाम दिसत नाही.

माच्या हातच्या गेल्या तरी लढता यावं म्हणून बालेकिल्ला. निवडणुकीच्या बातम्यांत एखाद्या पक्षाचा ‘बालेकिल्ला’ येतो तो याच अर्थाने, आणि तो वापर अगदी योग्य आहे. फक्त ‘बाल किल्ला’ असं तोडून लिहू नये.