प्रश्नावलीत ‘सांगता येत नाही’ हेच उत्तर येत असेल तर ती माहिती वाया गेली समजायची का?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या उत्पन्नाचा अंदाज विचारत फिरताय, बरेच कास्तकार “सांगता येत नाही” म्हणतात आणि मार्गदर्शक ते रकाने रिकामे धरायला सांगतात. कृपा करून तसं करू नका. मी याच भागात बरीच वर्षं सर्वेक्षणाचं काम करतोय. तुमच्या हाती आलेलं सगळ्यात खरं उत्तर तेच आहे.

2017 चा हंगाम आठवा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, हिरवीगार, बोंडं धरलेली. तेव्हा विचारलं असतं तर अनेकांनी एकरी आकडा बेधडक सांगितला असता. पण गुलाबी बोंडअळी आत शिरते, वरून बोंड साबूत दिसतं. फोडलं की सरकी खाल्लेली अन् कापसाची कवडी, म्हणजे किडका, न फुललेला कापूस. बोंडअळीला आवरायला म्हणून तर बीटी बियाण्याला, म्हणजे अळीला मारक जनुक घातलेल्या कपाशीच्या बियाण्याला, 2002 साली परवानगी मिळाली होती! एकाच हंगामात अंदाज असा उलटतो, म्हणून प्रत्येक मुलाखतीवर तारीख न चुकता टाका.

फ्रँक नाइट या अर्थतज्ज्ञाने 1921 मध्येच हा भेद मांडला: जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, जिची येत नाही ती अनिश्चितता. कास्तकाराचं ‘सांगता येत नाही’ हे दुसऱ्या प्रकारातलं. मार्गदर्शकांना हे दाखवा आणि ‘सांगता येत नाही’, ‘माहीत नाही’, ‘सांगायचं नाही’ यांना तीन वेगळे कोड मागून घ्या.

शिवाय प्रश्न थोडा फिरवा. “किती होईल?” यापेक्षा “नाही झालं तर?” विचारा, मग माणसं भरभरून बोलतात. पऱ्हाटीत तुरीची तासं (ओळी) का, सगळं वावर एकाच दिवशी का पेरलं नाही, दुबार पेरणीची पाळी आली तर कृषी केंद्रात उधारी कोण देईल, सगळं निघतं.

आणि न विचारलेलं ऐका. एका घरी पीककर्जाची माहिती घेत होतो. घरधनी बँकेचा आकडा सांगत होते, तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बाई म्हणाल्या, “अन् माही पोत गहाण हाय ते?” गळ्यातल्या त्या दागिन्याला आमच्या कागदावर रकानाच नव्हता. पुढच्या फेरीत गहाण सोनं आणि बचत गटाचे हप्ते, दोन्ही विचारले; कर्जाचं चित्रच बदललं. तेव्हा बायांशी वेगळं बोला, कागदाची मागची बाजू कोरी ठेवा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा. फक्त भर वेचणीत जाऊ नका, तेव्हा कोणालाच सवड नसते.