झोन बदलला की घर स्वस्त होतं का?

प्रश्न: ताई, म्हापशात भाड्याने राहतो, दोघांचे पगार मिळून पण फ्लॅट परवडत नाही. ऑर्चर्ड झोनच्या (बागायती) जमिनी सेटलमेंट झोनमध्ये (घरं बांधायला मोकळ्या) जातायत म्हणे, मग घरं स्वस्त होतील ना?
– एक वाचक, बार्देश

उत्तर: मला नाही वाटत हो. २०२४ मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात आलेल्या ३९अ कलमाने अर्ज करून झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलायची सोय केली, लोकांच्या हरकतींना ३० दिवस, पण झोन बदलला की आधी जमिनीचा भाव चढतो आणि मग तिथे पूलवाले व्हिला येतात, निम्मं वर्ष कुलूपबंद! सरकारने झोन बदलून देताना काही छोटे फ्लॅट स्थानिकांसाठी राखून ठेवायला लावले असते तर गोष्ट वेगळी. स्वतःचं घर बांधू पाहणाऱ्या साध्या माणसाला मात्र सनद (जमीन बिगरशेती करायची परवानगी), टीसीपी (नगरनियोजन खातं), पंचायत, चकराच चकरा. गावात वडिलोपार्जित जागा असेल तर आधी एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारा) नि झोनिंग सर्टिफिकेट (ती कुठल्या झोनमध्ये ते सांगणारं) काढा.