गर्भपिशवीच्या साध्या गाठीचा फुप्फुसातल्या ठिपक्यांशी संबंध असू शकतो का?

आईची पिशवी आठ वर्षांपूर्वी फायब्रॉइडमुळे, म्हणजे स्नायूच्या साध्या गाठीमुळे, काढली, आता एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत गोल ठिपके दिसतायत, तर हा कॅन्सरच समजायचा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात समजू नका. माझ्या मावशीचं हेच झालं होतं.

मावशी दिंडोरीची, उपचार नाशिकला. पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी एक्स-रे काढला, त्यात ठिपके सापडले. खोकला नाही, ताप नाही, वजनही उतरलेलं नाही. छाटणीच्या दिवसांत सकाळपासून द्राक्षबागेत उभी असणारी बाई! एका ठिकाणी टीबीची औषधं सुरू करू म्हणाले, दुसरीकडे कॅन्सर पसरलाय म्हणाले. आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नाही.

मग छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "पिशवी कशासाठी काढली होती?" जुने रिपोर्ट केव्हाच हरवलेले. पण तेव्हा काढलेली गाठ फॉर्मालिनच्या बरणीत घालून काकांनी स्वतः लॅबमध्ये पोचवली होती, म्हणून लॅब त्यांच्या लक्षात होती. तिथे ब्लॉक मिळाला. प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेली मेणाची छोटी वडी, आत त्या गाठीचा तुकडा, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. सीटीवर बघत सुईने फुप्फुसातला तुकडा घेतला आणि दोन्ही एकाच पॅथॉलॉजिस्टना दाखवलं. पेशी सारख्याच निघाल्या, गर्भाशयाच्या स्नायूच्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे या दोन स्त्री-हार्मोनना दाद देणाऱ्या.

याला बिनाइन मेटास्टसायझिंग लिओमायोमा म्हणतात. १९३९ पासून वैद्यकात याची नोंद आहे. फार दुर्मिळ. साध्या गाठीच्या पेशी बहुधा शिरांमधून फुप्फुसात जातात आणि पिशवी काढल्यावर कित्येक वर्षांनी दिसतात. हार्मोनवर वाढत असल्यामुळे पाळी गेल्यावर त्या बऱ्याचदा थांबतात, कधी आकसतातही. म्हणून काहींना नुसतं लक्ष ठेवतात, काहींना हार्मोन दाबणारी इंजेक्शनं किंवा लेट्रोझोल हे इस्ट्रोजेन कमी करणारं औषध देतात, काहींच्या गाठी किंवा अंडाशय काढतात. मावशीला औषध लागलं नाही, ठरल्या वेळी सीटी करतो.

पण जुना ब्लॉक पुन्हा तपासून घ्याच. लिओमायोसार्कोमा हा कॅन्सर वरवर फायब्रॉइडसारखाच दिसू शकतो. तो नाही हे पेशी बघूनच ठरतं, अंदाजाने नाही.

कुणाची मोठी गाठ अजून पोटातच असेल, तर तिच्यामुळे पोटात आणि छातीत पाणीही होऊ शकतं. त्यात सीए-१२५ (कॅन्सरच्या शंकेत करतात ती रक्ततपासणी) कधी वाढलेलं येतं आणि घरचे हादरतात, पण गाठ काढल्यावर पाणी ओसरतं. मात्र मोठी गाठ असताना एक पाय सुजला आणि अचानक दम लागला, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. तेव्हा सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

तुमच्याकडे आईची बरणी लॅबमध्ये कोणी नेली होती, ते आजच घरात विचारा.