म्युनिकला मित्राकडे चार दिवस जातोय. गाडी न घेता आसपासच्या गावांत एकत्र कसं फिरावं?

सरळ बायर्न तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरियाभर, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे सगळीकडे, फिरता येतं. मात्र ते प्रादेशिक गाड्यांनाच चालतं, आयसीई या अतिवेगवान गाड्यांना नाही. आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहायला विसरू नका.

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला सगळेच बघतात. मी म्हणेन, मिटनवाल्ड गावाला जा. साधारण दोन तासांचा प्रवास. घरांच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं, मागे कारवेंडेल डोंगररांगेचे कडे, आणि सतराव्या शतकापासून चालत आलेली व्हायोलिनं बनवणाऱ्यांची परंपरा. आम्ही वहिनींनी दिलेला थालीपिठांचा डबा तिथेच ओढ्याकाठी उघडला होता. दही तेवढं सांडलं.

रविवारी जाणार असाल तर खाऊ शनिवारीच आणून ठेवा, बहुतेक दुकानं बंद असतात.