फोल्डर झिप केला तरी आकार जवळपास तेवढाच राहतो. मग तो ईमेलने कसा पाठवावा?

ईमेलला फाइल जोडता येते, फोल्डर जोडता येत नाही. त्यामुळे फोल्डरची एकच फाइल करणे हे झिपचे पहिले काम आणि ते आपल्याकडे व्यवस्थित झालेले दिसते. आकार किती घटेल, हे मात्र फोल्डरमध्ये काय आहे यावर ठरते.

झिप करताना मजकुरात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे शोधले जातात आणि तोच तुकडा परत आला की तो पूर्ण न लिहिता 'मागे इतक्या अंतरावर आहे' एवढीच नोंद ठेवली जाते. म्हणून साधा मजकूर किंवा सीएसव्ही फाइली चांगल्याच आक्रसतात. जेपीईजी फोटो, एमपी३ आणि एमपी४ फाइली तयार होतानाच दाबलेल्या असतात, त्यामुळे त्यांत पुन्हा दाबण्यासारखे फारसे उरत नाही. वर्डची डॉक्स फाइल तर मुळात झिपच असते. तिची प्रत करून शेवटचे .डॉक्स काढून .झिप असे नाव दिले आणि ती उघडली, तर 'वर्ड' फोल्डरमधील 'मीडिया' या फोल्डरात दस्तऐवजातील चित्रे सापडतात, आणि फाइल कोणत्या चित्रामुळे फुगली आहे ते तिथेच दिसते.

आपल्या फोल्डरात फोटो असावेत असा माझा अंदाज आहे. तसे असेल, तर झिपच्या सेटिंगमध्ये वेळ न घालवता फोटोंच्या प्रती लहान कराव्यात. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो १६०० बाय १२०० केला, तर पिक्सेल सुमारे एक षष्ठांश उरतात आणि पडद्यावर पाहण्यासाठी तेवढे पुरेसे होतात. छपाईसाठी पाठवायचे असल्यास मात्र मूळ फोटोंना हात लावू नये.

मर्यादेबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ईमेलमधून जाताना जोडलेल्या फाइलीतील दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणजे तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे एखाद्या सर्व्हरवर संपूर्ण संदेशाला २५ एमबीची मर्यादा असेल, तर प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासची फाइलच त्यातून सुखरूप जाते. जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडल्यास तिच्याऐवजी ड्राइव्हची लिंक जाते, आणि व्हिडिओंसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. सेव्हन-झिप या झिप करण्याच्या मोफत प्रोग्रॅमने फाइलीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या ईमेलांतून पाठवता येतात खरे, पण एक तुकडा जरी राहिला तरी पूर्ण फोल्डर परत मिळत नाही. समोरची व्यक्ती संगणकाला सरावलेली नसेल, तर तिला या फंदात पाडू नये.

कागदपत्रे खासगी असतील, तर विंडोजच्या अंगभूत झिपमध्ये पासवर्ड घालण्याची सोय नाही, हे ध्यानात असू द्यावे. सेव्हन-झिपमध्ये ती आहे, परंतु झिप प्रकारात पासवर्ड घातला तरी आतल्या फाइलींची नावे उघडीच दिसतात. नावेही झाकायची असल्यास ७झेड हा सेव्हन-झिपचा स्वतःचा प्रकार निवडून फाइलींची नावे एन्क्रिप्ट करण्याच्या (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नयेत अशी करण्याच्या) पर्यायावर खूण करावी, आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवरून कळवावा.