मोठ्या मूळ संख्येची ओळख: सुरुवात २१४७४८३६४७ पासून करा

कोट्यवधी अंकांच्या मूळ संख्येकडे लगेच धावू नका. आधी २१४७४८३६४७ घ्या. ही २ चा ३१ वा घात वजा १. द्विमान पद्धतीत लिहिली की सलग ३१ वेळा १.

ती मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरनं १७७२ मध्ये दाखवलं, तेही हातानं आकडेमोड करून. तिचं वर्गमूळ ४६३४१ च्या किंचित खाली, म्हणजे त्यापुढचे विभाजक बघायची गरजच नाही. पण खरं सौंदर्य पुढे आहे. घातांक विषम मूळ असेल, तर अशा संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकातून १ वजा केल्यावर घातांकाच्या दुपटीनं भाग जातो. शिवाय त्याला ८ नं भागलं की बाकी १ किंवा ७ उरते. इथे दोन्ही अटी मिळून २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३. असे उमेदवार पावणेचारशेसुद्धा भरत नाहीत! मला आजही याचं अप्रूप वाटतं.

हे २०४७ वर पडताळा. घातांक ११, स्वतः मूळ; तरी २०४७ = २३ × ८९. दोन्हींतून १ काढा: २२ आणि ८८. घातांक मूळ म्हणजे संख्याही मूळ, असं नवखे हमखास धरून चालतात.

मोठ्या घातांकांना लुकास-लेमर कसोटी लावतात: ४ पासून सुरू करून दर पायरीला वर्ग वजा २, मग तपासायच्या संख्येनं भागून बाकी; शेवटी शून्य उरलं, तर संख्या मूळ. ३१ या संख्येसाठी (२ चा ५ वा घात वजा १): ४ चा वर्ग वजा २, १४. पुन्हा तेच, १९४. ३१ नं भागून बाकी ८. पुन्हा, ६२, बाकी शून्य, म्हणजे ३१ मूळ. घातांक ५, पायऱ्या त्याहून दोन कमी, ३. आता १२७ साठी (घातांक ७) तुम्ही करा, पाच पायऱ्या लागतील.