कंबर दुखायलीय आणि मोठे डॉक्टर म्हणतात काही नाही

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. वय अठ्ठावीस, दुसऱ्या बाळंतपणाच्या आधीपासून कंबर आणि कुल्ले दुखायलेत, संभाजीनगरला हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडं गेलात तर त्यांनी एक्स-रे खिडकीकडं धरून बघितला आणि "काही नाही, बाळंतपणानं होतं, वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका" म्हणले, ते पण तुमच्याकडं न बघता दाजींना. आता घरात सगळे म्हणायलेत की एवढ्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं म्हणजे हिच्या मनाचंच आहे. आणि तुमचा प्रश्न असा की त्यांच्याकडंच परत जावं का दुसरं कुणी बघावं.

मी परभणीची, मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन कंबर-पाठ आखडत जाणारा संधिवात, निदान होईपर्यंत लई वर्षं गेली. "मणक्यात गॅप आलाय", "कॅल्शियम कमी आहे", "लग्न झालं की जाईल", सगळं ऐकून झालंय. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरनंच सांगावं. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग येते, सकाळी कंबर लाकडासारखी झालेली असते आणि झाडलोट, धुणं झाल्यावर सुटते. हे डॉक्टरला सांगितलं का? मला वाटतं सांगितलं नसणार, कारण त्यांनी विचारलंच नसणार.

साधी कंबरदुखी कामानं वाढते अन् आडवं पडलं की बरं वाटतं. सूज असलेल्या दुखण्याचं बरोबर उलटं असतं, पडून राहिलं की वाढतं आणि हालचाल केली की कमी होतं. त्यात ते हळूहळू सुरू झालेलं, सुरुवात वयाच्या पंचेचाळिशीच्या आत, तीन महिन्यांच्या वर टिकलेलं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या पुढं, असं असलं तर संधिवाताच्या अंगानं तपासायला पाहिजे. 2009 ला या आजारासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आले त्यात एमआरआयवर दिसणारी सूज पण धरलेली आहे, कारण एक्स-रेवर बदल दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात. म्हणजे तुमचा एक्स-रे चांगला आला ही गोष्ट खरी आहे, पण त्यावरून "काही नाही" ठरत नाही. आणि बायकांचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं हे पण माहीत असलेलं आहे, हा पुरुषांचा आजार असं लई डॉक्टरांच्या डोक्यात बसलेलं असतं.

माझं सांगणं एकच आहे, डॉक्टरला पटवायला जाऊ नका. आपल्याला एकदा झिडकारलं की पुढच्या वेळी आपण "सर खरंच लई दुखतंय हो" एवढंच सांगत बसतो, डोळ्यात पाणी येतं, आणि समोरच्याला ते टेन्शनच वाटतं. किती दुखतं ते बाजूला ठेवा, कधी दुखतं आणि कशानं सुटतं ते सांगा. दोन आठवडे वहीत लिहा. असं: "पहाटे 3:30 जाग, कूस बदलता येईना. 5:30 उठले, वाकून झाडता येईना. 7 वाजता धुणं झाल्यावर मोकळं. दुपारी तासभर पडले, उठताना परत आखडलं. आज डावा कुल्ला, परवा उजवा होता." बास, एवढंच. याचं एक पान करा आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्यांदा तेच पुढं करा, फाईल नंतर.

आणि थेट विचारा, "सर, हे सुजेचं संधिवाताचं दुखणं असू शकतं का? नसेल तर कशावरून नाही तेवढं कागदावर लिहून द्या." भांडायच्या आवाजात नाही, साध्या आवाजात. लिहायची वेळ आली की माणूस परत एकदा विचार करतो. दाजींना सोबत न्याच, पण आधी घरी बोलून ठेवा की डॉक्टर त्यांच्याशी बोलायला लागले तर त्यांनी म्हणायचं, "हिलाच विचारा सर, रात्री ही उठते, मी बघतो." नवऱ्यानं हे वाक्य म्हणलेलं आमच्याकडच्या दवाखान्यात लई कामी येतं. तसं व्हायला नको खरं तर, पण आहे हे असं आहे.

जायचं कुणाकडं तर माझं मत सरळ आहे, हाडांच्या डॉक्टरकडं परत नाही, संधिवाततज्ञाकडं म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडं. "संधिवात स्पेशालिस्ट" असा बोर्ड कुणीही लावतं, डिग्रीत रुमॅटॉलॉजी आहे का बघा. आपल्या भागात असे डॉक्टर थोडे आहेत, म्हणून परभणी-बीडकडचे लोक संभाजीनगर नाहीतर पुणं गाठतात आणि नांदेड-उदगीरकडचे हैदराबाद. लगेच जमत नसेल तर संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मेडिसिनच्या ओपीडीत दाखवून सुरुवात करता येते.

तपासण्यांचं थोडक्यात. सीआरपी, ईएसआर (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) नॉर्मल आले म्हणून आजार नाही असं होत नाही. एचएलए-बी27 (या आजाराशी जोडलेल्या जीनची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलं म्हणून आजार आहेच असं पण नाही. एमआरआय सांगितला तर तो एसआय जॉइंटचा, म्हणजे मणका खाली कुल्ल्याच्या हाडांना जुळतो त्या सांध्यांचा आहे का विचारा, कारण नुसत्या कमरेच्या मणक्याच्या एमआरआयमध्ये ते सांधे नीट येत नाहीत, आणि परत खर्च होतो. दूध पाजत असाल तर ते सांगा. मधल्या काळात कुणी झाडपाल्याची पुडी दिली असेल आणि त्यानं जादू झाल्यासारखं बरं वाटलं असेल तर ते लपवू नका, असल्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय.

जुन्या दवाखान्यातून कागद मागायला लाजू नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात रुग्णानं रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यायचं लिहिलंय, आणि मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क स्पष्ट आहे. पहिल्या डॉक्टरला राग येईल ही भीती सोडा.

मात्र पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा संध्याकाळी ताप आणि वजन उतरायला लागलं तर वहीबिही बाजूला ठेवून लगेच दाखवा, आपल्याकडं मणक्याचा टीबी पण असतो. या आजारात डोळ्याला पण सूज येऊ शकते, म्हणून एक डोळा लाल होऊन दुखला आणि उजेड सहन होईना तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, मेडिकलमधून ड्रॉप आणून टाकू नका.

आणि शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहिलंय की चुलत्यांची मान वळत नाही, ते अख्खे फिरून बघतात. ताई, ते सहज नाही, हा आजार घराण्यात असू शकतो. अपॉइंटमेंटच्या आधी त्यांना फोन करून विचारा की हे कितव्या वर्षी सुरू झालं, सकाळी आखडायचं का, डोळा कधी लाल व्हायचा का, आणि ते पानावर सगळ्यात वर लिहा.